वंगणे, वनस्पतिजन्य

वनस्पती तेलांपासून किंवा त्यांपासून बनविलेल्या एस्टरांपासून तयार केलेली वंगणे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल देण्याची रीत जुनी असून पहिल्या महायुद्धातील काही विमानांच्या एंजिनांतही एरंडेल वापरीत. पुढे स्वस्त व टिकाऊ खनिज तेलांनी त्याची जागा घेतली. सांडलेल्या खनिज तेलाने माती व पाणी दूषित होत असल्याने वनस्पती तेलांचा पुन्हा विचार होऊ लागला.

वनस्पती तेले ही ग्लिसरॉल व मेदाम्ले यांची एस्टरे होत. त्यांच्या रेणूंचे ध्रुवीय टोक धातूला चिकटते व लांब कार्बन शृंखलांचे पातळ पटल तयार होऊन घर्षण कमी होते. सूक्ष्मजीव या तेलांचे विघटन खनिज तेलांपेक्षा पुष्कळ जलद करतात. मात्र मेदाम्लांतील द्विबंधांमुळे उष्णता व हवा यांच्या सान्निध्यात त्यांचे ऑक्सिडीभवन होऊन ती दाट व चिकट बनतात. यासाठी ग्लिसरॉलाऐवजी ट्रायमिथिलॉलप्रोपेन वापरून अधिक स्थिर एस्टरे बनवितात. एरंडेलातील मेदाम्लांपैकी सु. ८५ ते ९०% रिसिनोलेइक अम्ल असते. त्यातील हायड्रॉक्सिल गटामुळे एरंडेलाची श्यानता जास्त असते. एरंडेल व करंज तेल ही खाद्य तेले नसल्याने त्यांच्या वापराने स्वयंपाकाच्या तेलाचा तुटवडा वाढत नाही.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनविणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. तेथे लेथ, छिद्रण, शाणन इ. कामांत हत्यार व धातू यांवर कर्तन द्रव सोडतात. कामगार त्यास ‘कूलंट’ म्हणतात. वनस्पती तेलाचे कर्तन द्रव येथे उपयुक्त ठरू शकतात. परंतु वापरलेला असा द्रव नाल्यात सोडणे निर्धोक नसते. त्यात धातूचे कण, गंजरोधके व जीवाणुनाशके असतात. शिवाय तेलाचे विघटन करणारे सूक्ष्मजीव पाण्यातील ऑक्सिजन वापरतात. म्हणजे जलद विघटन हा मातीत सांडलेल्या तेलाबाबत गुण असला, तरी तेल जास्त प्रमाणात पवना वा इंद्रायणीसारख्या नदीत गेल्यास तोच गुण माशांना घातक ठरतो.

म्हणून तेलाच्या निवडीइतकेच त्याचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. अल्पमात्रा वंगणक्रियेत दाबाखालील हवेबरोबर ताशी सु. १० ते १०० मिलि. तेल हत्याराच्या धारेवर फवारतात. त्यामुळे टाकाऊ द्रव जवळजवळ उरत नाही. या पद्धतीसाठी वनस्पतिजन्य एस्टरे विशेष योग्य असतात. त्यांची किंमत खनिज तेलापेक्षा जास्त असली, तरी वापर अत्यल्प असल्याने खर्चाचा मेळ बसू शकतो. तेलाचे तुषार कामगारांच्या श्वासात जाऊ नयेत यासाठी यंत्र बंदिस्त ठेवून हवा शोषून घेण्याची व्यवस्था आवश्यक असते.