ओळख हेच पहिले भांडवल

नवा धंदा काढावयाचा म्हटला की शेतकरी प्रथम पैशाची विवंचना करतो. पैसा हवा हे खरेच. परंतु पैशाच्याही आधी लागते ते माणसांचे पाठबळ. याचे ठळक उदाहरण आपल्याच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडले आहे.

भंडारदरा धरण व प्रवरेचे कालवे झाल्यावर या भागात ऊस वाढला. पण पाणी आले म्हणून सुबत्ता आलीच असे नाही. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. गुऱ्हाळ चालविणारा बागायतदार सावकाराच्या व आडत्याच्या कर्जात रुतला. साखर कारखाने होते, ते खाजगी मालकीचे. उसाच्या भावावर शेतकऱ्याची सत्ता नव्हती.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. पतपेढीच्या व्यवहारातून कोण वेळेवर परतफेड करतो, कोणाचा शब्द चालतो, हे साऱ्यांस कळले. पुढे कारखान्याचे भाग विकण्याची वेळ आली तेव्हा हीच ओळख कामास आली. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करताना ज्याच्या हाती पैसा द्यावयाचा तो मनुष्य देणाऱ्याच्या पाहण्यातला होता.

मात्र गावची ओळख एवढ्याने कारखाना उभा राहत नाही. यंत्रे, कर्ज व सरकारी मंजुरी यांची वाट गावाबाहेरून जाते. १९४५ साली बेलापूर येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. या परिचयातून शेतकऱ्यांस अर्थशास्त्रज्ञ लाभला. तत्कालीन मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचेही साहाय्य मिळाले. १९४८ साली कारखान्याची नोंदणी झाली व १९५०-५१ मध्ये पहिले गळीत झाले. गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष, अशी ती जोडी होती.

यातून घ्यावयाचा बोध असा. संबंध दोन प्रकारचे असतात. भाऊबंद, सोयरे व शेजारी यांचा संबंध विश्वास देतो. पण त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपणासही ठाऊक असतेच. नवी माहिती दूरच्या परिचिताकडून येते. एकाने पाया घातला जातो, दुसऱ्याने दार उघडते.

आज शेतकरी उत्पादक कंपनी दहा उत्पादकांनाही स्थापता येते. परंतु अनुदानाकरिता घाईने जमविलेली नावांची यादी म्हणजे कंपनी नव्हे. म्हणून इच्छुक शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. नोंदणीपूर्वी एक हंगाम बियाणे किंवा खते एकत्र खरेदी करून पाहावीत. त्यात माणसांची पारख होते.

२. हिशेब दरमहा सर्वांसमोर वाचावा. नात्याची भीड धरून उधारी वाढवू नये. भिडेपायी पुष्कळ संस्था बुडतात.

३. एक व्यापारी, एक बँकेचा अधिकारी व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील एक तज्ज्ञ, अशा तिघांशी तरी कामापुरता परिचय अगोदरच करून ठेवावा.

४. दुसऱ्या गावातील चालू कंपनी सभासदांसह पाहून यावी.

विश्वास एका दिवसात उगवत नाही. लोणीच्या पतपेढीपासून पहिल्या गळितापर्यंत सत्तावीस वर्षे गेली. आपणास कदाचित इतकी लागणार नाहीत. परंतु पेरणी मात्र आजच करावयास हवी.