भिंतीपुढे ड्रिल का हरते?

प्रतिनिधी

नव्या घराचा ताबा मिळाला, की पंखे आणि दिव्यांपाठोपाठ निकड भासते ती खिडकीवरच्या ब्लाइंडची. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे दुपारचे ऊन थोपवण्यासाठी माप देऊन ब्लाइंड करवून घेतले जातात, शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून आणले जाते आणि खिडकीच्या वर भोक पाडताना गाडी अडते. पहिला सेंटीमीटरभर बिट सहज आत जाते. पुढे मात्र ते नुसतेच गरगरते. जोर लावावा तर टोक तापून निळे पडते, पण भोक काही खोल जात नाही. ‘भिंतच कडक आहे’ असे म्हणत मग दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा शोध सुरू होतो.

वास्तविक त्या जागी बहुधा भिंत नसतेच. खिडकीच्या चौकटीवर असते ती लिंटेल, म्हणजे वरच्या बांधकामाचे ओझे दोन्ही बाजूंना वाहून नेणारी काँक्रीटची आडवी तुळई. सहज गेलेला तो पहिला सेंटीमीटर गिलाव्याचा. त्यामागे काँक्रीट आणि त्यातली खडी. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात ही खडी बेसॉल्टची, म्हणजे सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाची. बिटाचे टोक अशा तुकड्यावर आले, की ते निसटते. अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या ‘मायव्हान’ पद्धतीच्या इमारतींत तर बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या. तेथे बाजूला सरकूनही सुटका नाही.

वीट कातली जाते. खडी फोडावी लागते. सारा फरक येथेच आहे. साधे ड्रिल फक्त फिरते. ‘हॅमर’ची सोय असलेल्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक हादरे देतात, विटेला ते पुरतात, पण काँक्रीटमध्ये हाताचा जोर संपतो. रोटरी हॅमर या यंत्रात मात्र दट्ट्या हवा दाबून बिटावर ठोके मारतो, त्यामुळे माणसाला यंत्र केवळ सरळ धरावे लागते. याच्या बिटाच्या दांड्याला खाचा असतात आणि ते साध्या ड्रिलमध्ये बसत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. चार भोकांसाठी यंत्र विकत घेण्याची गरज नाही. अनेक ठिकाणी ते भाड्याने मिळते. बिट कार्बाइडच्या टोकाचेच हवे. तापलेले बिट पाण्यात बुडवू नये, टोकाला तडा जातो. मध्ये मध्ये बाहेर काढून ते हवेवर निवू द्यावे.

भोकातून येणारी धूळ पाहावी. लाल असेल तर वीट, राखाडी असेल आणि बिट रेटावे लागत असेल तर काँक्रीट. बिट एकाएकी थबकले आणि चकाकता कीस दिसू लागला, तर ती सळई आहे. तेथे ताबडतोब थांबावे. सळई कापून पुढे जाण्याचा आग्रह काही कारागीरही धरतात. तो साफ चुकीचा आहे. लिंटेलमधला ताण सळईच पेलते. शिवाय सळईपर्यंत पोहोचलेले उघडे भोक म्हणजे दमट हवेला दिलेली वाट. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट उकलून पाडते. सळ्या उघड्या पडलेले छज्जे पाहिलेल्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. भोक दोन-तीन सेंटीमीटर सरकवावे आणि सोडून दिलेले भोक सिमेंटच्या मसाल्याने बुजवावे.

सळईइतकीच धास्ती बाळगावी ती भिंतीत दडलेल्या वायरची. खिडकीजवळ वातानुकूलन यंत्राचा पॉइंट असेल, तर त्याच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत भोक पाडू नये. त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून दुसऱ्या खोलीतून वायर ओढून ड्रिल चालवणे उत्तम.

हलक्या ब्लाइंडला सहा मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा प्लग, पुरेसा होतो. मात्र ती गिलाव्यात नव्हे, काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. गिलाव्याची जाडी आणि गिट्टीची लांबी यांहून थोडे अधिक अंतर मोजून बिटावर टेप गुंडाळली, की खोली चुकत नाही. भोकातली भुकटी फुंकून काढताना डोळ्यांत जाते. औषधाची रिकामी सिरिंज किंवा लहान पंप वापरावा. भुकटी राहिली तर गिट्टी अर्ध्यावर अडते आणि दोष पुन्हा भिंतीला दिला जातो. ही धूळ सिलिकायुक्त असते व श्वासावाटे फुप्फुसांना घातक ठरते, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

एवढे करूनही हव्या त्या जागी भोक पडत नसेल, तर सुताराची जुनी युक्ती कामी येते. जेथे भोके पडतात अशा दोन-तीन ठिकाणी खिडकीच्या लांबीची लाकडी पट्टी भिंतीवर पक्की करावी आणि ब्लाइंडच्या क्लिपा त्या पट्टीत स्क्रूने बसवाव्यात. क्लिपांच्या जागा मग भिंत नव्हे, आपण ठरवतो. पट्टीला भिंतीचाच रंग दिला, की ती डोळ्यांत भरत नाही. टेपचा मोह मात्र टाळावा. डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप रंगाला चिकटते, भिंतीला नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ब्लाइंड रंगाच्या पापुद्र्यासह खाली येते.