लाल इशारा आला? आधी तारीख पाहा!



बियाण्याची पिशवी खालच्या अंगाने फोडा, वरचे लेबल शाबूत ठेवा, हे सांगता सांगता माझी नोकरीतली तीस वर्षे गेली. आज तशाच एका लेबलाविषयी लिहायचे आहे. पण ते पिशवीवरचे नव्हे, संगणकावरचे. पीकविमा, कर्जाचा अर्ज, सातबारा, मुलांची शिष्यवृत्ती ही सारी कामे आता संगणकावर किंवा फोनवर होतात. आणि ऐन मुदतीच्या दिवशी पडद्यावर लाल त्रिकोण येतो. खाली लिहिलेले असते की तुमचे कनेक्शन खाजगी नाही. माणूस गांगरतो.

मागच्या खरिपातली गोष्ट. ज्यांना सारे गाव तात्या म्हणते असे एक जाणते शेतकरी आमच्या मंडळात आहेत. सकाळीच त्यांचा फोन आला.

"साहेब, विम्याचं पान उघडंना. पुतण्या म्हणतो, सरकारनंच बंद केलंय. तीन दिवस राहिलेत."

"तात्या, मी येतो. तोवर कुठलंही बटण दाबू नका म्हणावं त्याला," मी म्हणालो.

पुतण्या दूध संस्थेच्या कार्यालयातला संगणक सांभाळतो. विम्याचेच नव्हे तर बँकेचे, हवामानाचे, सगळ्याच पानांवर लाल त्रिकोण येत होता. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने 'व्हायरस आहे' म्हणून सहाशे रुपये घेऊन सारा संगणक पुसून नव्याने भरून दिला होता. संध्याकाळपर्यंत ठीक चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच! दोन दिवस त्यातच गेले. मी खुर्चीत बसलो आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. तारीख होती १ जानेवारी २००९. त्या संगणकाच्या हिशेबाने तात्यांची डाळिंबाची बाग अजून लागलेलीच नव्हती.

आता हे का झाले ते नीट समजून घ्या. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव, आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात. प्रमाणित बियाण्याच्या निळ्या लेबलावर वैधता असते ना, तसेच. आपले ब्राउझर, म्हणजे पाने उघडण्याचे साधन, ह्या तारखा स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहते. घड्याळ २००९ साल दाखवत असेल तर यंदाचे प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरूच न झालेले' वाटते. प्रमाणपत्र खरे, संकेतस्थळ खरे, चुकलेले असते ते आपल्या घरचे कॅलेंडर.

आणि ते चुकते कशाने? संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. दुकानात 'सीआर २०३२' म्हटले की मिळतो. वीज नसताना तोच घड्याळ चालू ठेवतो. काही वर्षांनी तो संपतो. दूध संस्थेत रात्री मेन स्विच बंद करीत, म्हणून रोज सकाळी संगणक २००९ मध्ये जागा होई. दुरुस्तीवाल्याने तारीख बरोबर लावून दिली होती, पण ती रात्रीपुरतीच टिकली. आम्ही तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ लावली, पान उघडले आणि त्याच दुपारी तात्यांचा अर्ज गेला. सेल दुसऱ्या दिवशी आणला. त्याला काही फार खर्च नाही.

फोनवरही हेच पाहायचे. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला, किंवा मुलांनी खेळात वेळ पुढे-मागे केली की असे होते. सेटिंगमध्ये तारीख व वेळ 'आपोआप' ठेवा.

तारीख बरोबर असेल तर मग? बसस्थानकाच्या, हॉटेलच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर असाल तर ते बंद करून स्वतःच्या मोबाईल डेटावर तेच पान उघडा. इशारा गेला तर दोष त्या वायफायचा. पुष्कळदा काही वाईट नसते. त्या वायफायला आधी आपला नंबर नोंदवून हवा असतो, म्हणून ते तुमची वाट अडवते. पण कोणी मध्ये बसून तुमचा मजकूर वाचू पाहत असेल, तरी पडद्यावर असाच इशारा दिसतो. ही दोन्ही एकमेकांपासून ओळखणे तुमच्या-माझ्या हातचे नाही. तेव्हा अशा वायफायवर पैशाचे काम करूच नये.

मग दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर पाहा. तेथेही इशारा आला तर बहुधा संकेतस्थळ सांभाळणाऱ्यानेच प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नाही. हे यापुढे अधिक दिसले तर नवल वाटू नये. सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. ब्राउझरवाले व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी २०२५ मध्ये मिळून ठरवले की मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस करायची. मुदत थोडी असली की चोरीला गेलेले प्रमाणपत्र फार दिवस वापरता येत नाही. पण विसराळू माणसाची मात्र पंचाईत! अशा वेळी आपण काही दुरुस्त करू शकत नाही. थांबायचे, नाहीतर बँकेच्या शाखेत किंवा सेवा केंद्रात जाऊन विम्याचा अर्ज भरायचा. म्हणून तर मी म्हणतो, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट. घरात मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे येतो. एका ताईंच्या फोनवर तारीख बरोबर, डेटा स्वतःचा, तरी मुलीच्या शिष्यवृत्तीचे पान उघडेना; जावेच्या फोनवर मात्र उघडे. कारण असे, की कोणत्या संस्थेच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याची यादी फोनमध्येच भरलेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशीच एक जुनी, जगभर चालणारी मूळ सही मुदत संपून बाद झाली. तिच्या जागी आलेली नवी सही अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना ठाऊकच नाही. जुन्या फोनांसाठी केलेली सोयही २०२४ मध्ये संपली. इतका जुना फोन बोलायला ठेवा, पैशाच्या कामाला नको.

ह्या यादीतून नाव कमी होते तेव्हा काय होते तेही ऐका. हॉलंडमधील डिजिनोटार नावाच्या संस्थेत २०११ मध्ये चोर शिरले आणि गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे काढली. इराणमधील लोकांची पत्रे त्यावर वाचली गेली. ब्राउझरवाल्यांनी संस्थेचे नाव यादीतून खोडले. त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. इशाऱ्याच्या खाली 'प्रगत' असे बारीक अक्षर असते. ते दाबले की 'तरीही पुढे जा' अशी वाट निघते. तात्यांचा पुतण्या हेच करणार होता. "काका, सगळे असंच करतात," असे तो मला म्हणाला. आधार क्रमांक, खाते क्रमांक, पासवर्ड लिहायचा असेल तेथे ही वाट कधीही धरू नका. पाकिटातले पत्र पोस्टकार्डावर लिहून अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखे ते आहे. काही संकेतस्थळांवर ब्राउझर ही वाटच ठेवत नाही. त्याचा राग मानू नये.

आणि इशारा आला नाही म्हणजे सारे ठीक, असेही नाही. पत्त्यावर लिहिलेल्या नावाशीच तुम्ही बोलत आहात, एवढेच प्रमाणपत्र सांगते. ते नाव लबाडाचे असेल तर? सरकारी नावासारखे दिसणारे नाव घेऊन भामटाही प्रमाणपत्र मिळवतो, फुकटसुद्धा. म्हणून पत्ता अक्षर अक्षर वाचा. केंद्र किंवा राज्य सरकारचे पान असेल तर नावाचा शेवट बहुधा 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. त्यानंतर लगेच तिरकी रेघ येते किंवा काहीच नसते. त्याच्यापुढे आणखी एखादा टिंब आणि शब्द जोडलेला दिसला तर पान बंद करा.

परवा दूध संस्थेत गेलो होतो. संगणकाच्या शेजारी भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर टांगले आहे, आणि पुतण्या सकाळी यंत्र सुरू केले की आधी त्याकडे पाहतो. खणात नवा सेलही आणून ठेवला आहे. दुरुस्तीवाल्याकडचे सहाशे रुपये मात्र अजून परत आलेले नाहीत; तात्या दर बाजारच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर मोटारसायकल उभी करतात.