‘क्लार्क’ : एका शब्दाचा मान आणि अवमान

आपल्या शिक्षणपद्धतीवर टीका करावयाची झाली की एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ही पद्धती केवळ कारकून तयार करते. शिक्षक ते वर्गात ऐकवतात, पुढारी व्यासपीठावरून ऐकवतात आणि कचेरीतून थकूनभागून घरी आलेला कारकूनही आपल्या मुलाला तेच ऐकवतो. मेकॉलेने कारकून घडविण्यासाठीच इंग्रजी शिक्षण आणले, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. वस्तुतः मेकॉलेच्या १८३५ सालच्या टिपणातील त्या प्रसिद्ध वाक्यात उल्लेख आहे तो राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधील दुभाष्यांच्या वर्गाचा. परंतु तो वाद तूर्त बाजूला ठेवू. ज्या शब्दाला आपण इतके खालचे आसन दिले आहे, त्या ‘क्लार्क’ शब्दाची कुळकथा पाहिली, तर तो एके काळी केवढ्या मानाचा धनी होता हे ध्यानात येते.

या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील ‘क्लेरॉस’ या शब्दात आहे. क्लेरॉस म्हणजे नशीब अजमावण्यासाठी टाकावयाचा लाकडाचा तुकडा, आपल्याकडची चिठ्ठीच म्हणा ना! पुढे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेली जमीन आणि त्यावरून वारसाहक्क असा त्याचा अर्थविस्तार झाला. बायबलच्या जुन्या करारात पुरोहितांच्या लेवी कुळाला जमिनीत वाटा दिलेला नाही; देव हाच त्यांचा वाटा, असे तेथे सांगितले आहे. त्या कल्पनेच्या आधारे ख्रिस्ती धर्मसेवकांना लॅटिनमध्ये ‘क्लेरिकस’ ही संज्ञा मिळाली. हाच शब्द प्राचीन इंग्रजीत आला आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे आलेल्या रूपाने अधिक दृढ झाला. मध्ययुगीन इंग्लंडात लिहिता-वाचता येणारा माणूस बहुधा चर्चशी संबंधित असे. त्यामुळे धर्मसेवक, विद्वान, विद्यार्थी आणि लेखनिक हे चारही अर्थ या एकाच शब्दात सुखाने नांदू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये रंगविलेला ऑक्सफर्डचा क्लार्क हा कचेरीतील नोकर नव्हे. तो तर्कशास्त्राचा व्यासंगी, अंगावरच्या कपड्यांपेक्षा ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांची अधिक असोशी असलेला गरीब विद्वान आहे.

या शब्दाला केवळ मानच होता असे नाही, तर त्यात प्राण वाचविण्याचेही सामर्थ्य होते. धर्मसेवकावरील खटला राजाच्या नव्हे, तर चर्चच्या न्यायालयात चालावा, अशी सवलत इंग्रजी कायद्यात होती. चर्चचे न्यायालय देहदंड देत नसे. मग आरोपी धर्मसेवक आहे किंवा नाही हे ठरवावे कसे? त्यासाठी त्याच्या हाती बायबल देऊन वाचावयास सांगत. ज्याला वाचता येईल तो क्लार्क! अशा रीतीने हळूहळू कोणत्याही साक्षर पुरुषाला या सवलतीचा लाभ मिळू लागला. वाचनासाठी बहुधा स्तोत्रसंहितेतील एकच ठरावीक ओळ दिली जाई आणि ती मान वाचविणारी म्हणून ‘मानेची ओळ’ या नावाने प्रसिद्ध होती. चतुर निरक्षरांनी ती पाठ करून ठेवली असल्यास नवल नाही. १४८९ च्या कायद्याने ही सवलत सामान्य माणसाला एकदाच मिळेल असे ठरले आणि खूण म्हणून अंगठ्यावर डाग देण्यात येऊ लागला. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली द्वंद्वयुद्धात एका नटाला ठार केले, तेव्हा तो याच आधारे फाशीतून सुटला आणि अंगठ्यावर डाग घेऊन घरी गेला. वाचनाची कसोटी १७०६ साली रद्द झाली, तर ती सवलतच इंग्लंडात १८२७ साली संपुष्टात आली. मौज अशी की, आपल्याकडे अंगठा ही निरक्षराची निशाणी. तेथे मात्र डागलेला अंगठा हे साक्षरतेचे प्रमाणपत्र होते!

पुढे मुद्रणकला आली, शाळा वाढल्या. वाचणारे पुष्कळ झाले आणि वाचनाचे मोल उतरले. व्यापार आणि राज्यकारभार यांचा पसारा वाढताच हिशेब ठेवणाऱ्या व नकला उतरविणाऱ्या माणसांची गरज भासू लागली आणि क्लार्क हा विद्वान राहिला नाही, पगारी नोकर झाला. चार्ल्स लॅम हा थोर निबंधकार १७९२ ते १८२५ अशी तेहेतीस वर्षे लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत क्लार्क होता. डिकन्सने १८४३ साली रेखाटलेला बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर थंडीत कुडकुडत लिहीत बसतो. अमेरिकेत तर हा शब्द दुकानातील विक्रेत्यालाही लागला. तरीही जुन्या वैभवाच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ‘क्लार्क’ हे पद आजही अत्यंत प्रतिष्ठेचे आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे ‘क्लार्क’ होण्यासाठी कायद्याचे बुद्धिमान पदवीधर धडपडत असतात.

आपल्या भाषेने या कामासाठी दोन शब्द योजले. ‘कारकून’ हा फारसी शब्द. त्याचा सरळ अर्थ काम करणारा. ‘लिपिक’ हा शासनव्यवहारातील शब्द; त्याचा अर्थ लिहिणारा. दोहोंतही हिणवण्याजोगे काहीच नाही. पेशवे दप्तरातील कारकुनांनी मोडीत लिहून ठेवलेले कागद नसते, तर मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग अंधारातच राहिला असता. परंतु नाण्याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. अक्षर थोड्यांच्याच हाती राहते तेव्हा ते शस्त्र बनते. अडाणी शेतकऱ्याला कचेरीतील लिहिणारे कसे नागवतात, याचे जळजळीत वर्णन जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केले आहे. इंग्लंडात साक्षराची मान सुटत होती आणि निरक्षर फासावर जात होता. आपल्याकडे निरक्षराची जमीन जात होती. अन्यायाचे मूळ दोन्हीकडे एकच होते.

म्हणून ‘आपली शाळा कारकून तयार करते’ या तक्रारीत थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. दुःख कारकून तयार होतात याचे नाही. समोरचा कागद समजून न वाचणारे कारकून तयार होतात याचे आहे. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज, विद्यार्थ्याचा दाखला, शेतकऱ्याचा सातबारा हे सारे आजही कोणाच्या तरी वाचनावर अवलंबून असतात. मग तो कागद टेबलावर असो की संगणकाच्या पडद्यावर. जुना क्लार्क एक ओळ वाचून स्वतःची मान वाचवीत असे. आजच्या क्लार्कच्या वाचनावर दुसऱ्याचे जिणे अवलंबून आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या कामाची योग्यता तसूभरही कमी झालेली नाही.