दातांचा हिशेब

आमच्या पेणमध्ये रंग लागला की गणपतीची मूर्ती बोलू लागते. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या दातांना लाल रंग लावला, तेव्हा दातही बोलू लागले, पण माझ्याविरुद्ध! रोज मिसवाक करणारा मी आरशात पाहून ओशाळलो.

दातांवर जंतूंचा चिकट, फिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो सहज दिसत नाही, म्हणून रंगवून मोजायचा. ओ'लिअरी आणि सहकाऱ्यांची १९७२ सालची रीत सोपी आहे. प्रत्येक दाताच्या चार बाजू. माझे दात २८, म्हणजे बाजू ११२. पैकी ५६ रंगल्या. म्हणजे ५० टक्के! हव्यात १० टक्क्यांच्या आत.

मोजायचं कशाला? १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए यांनी बारा जणांचं दात घासणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे वेळीच कळलं तर इलाज आपल्याच हातात. थर घट्ट होऊन किटण बनलं, की मात्र ते डॉक्टरांनीच काढायचं.

माझी आई मिसरी लावायची. तिचे दात कधी दुखले नाहीत. नुसते हलले आणि पडले. तिला कुणी आकडा सांगितला नव्हता.

मी हिरडीच्या कडेनं, आतल्या बाजूनंही घासू लागलो. दोन महिन्यांनी २० बाजू रंगल्या; म्हणजे १८ टक्के. अजून आठ कमी करायचे आहेत.