दस्ता, ठासणीच्या रायफलीचा
तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाच्या रायफलीच्या ज्या लाकडी भागात नळी व चापयंत्रणा बसविलेली असते आणि ज्याचे मागील टोक नेम धरताना खांद्याला टेकवितात, त्यास दस्ता म्हणतात. १८ व्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टर परिसरात, जर्मन व स्विस वंशाच्या कारागिरांनी घडविलेली लांब रायफल हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिचा दस्ता बहुधा मॅपलच्या लाकडाचा असून तो नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतो. यूरोपात अक्रोडाचे लाकूड अधिक वापरीत. अशा रायफलींच्या आधुनिक प्रतिकृतींचे दस्ते पुष्कळदा जाड व बोजड असतात. ते तासून सडपातळ करता येतात.

आकार बदलणे : प्रथम नळी रिकामी असल्याची खात्री करतात. ठासणीचा गज नळीत तळापर्यंत घालून त्यावर खूण करतात व ती लांबी नळीच्या बाहेरून पडताळतात. कारण जुन्या रायफली पुष्कळदा भरलेल्याच सापडतात. नंतर नळी व चापयंत्रणा काढून ठेवतात. टोकावरील धातूची पट्टी मात्र तासताना जागीच ठेवतात, म्हणजे तिच्यालगतच्या लाकडाच्या कडा गोलावत नाहीत. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढासाठी सामान्यतः ३३ ते ३६ सेंमी. असते. गाल टेकण्याच्या कडेची उंची अशी असावी लागते, की डोळा सहज लक्ष्यरेषेत यावा. चापामागील मुठीचा भाग सर्वांत कमजोर असतो. तेथे लाकडाचे तंतू तिरपे असल्यास व तो फार तासल्यास दस्ता मोडतो. काढलेले लाकूड परत बसविता येत नसल्याने कानशीने थोडे थोडे घासून वारंवार खांद्याला लावून पाहतात.

पृष्ठसंस्करण : दबलेल्या जागी ओले फडके ठेवून त्यावर तापलेली इस्त्री फिरविल्यास वाफेने तंतू फुगून खळगा भरून येतो, तंतू तुटलेले असल्यास मात्र हा उपाय चालत नाही. पृष्ठभाग घासून गुळगुळीत केल्यावर पाण्याने ओलावतात व उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासतात. मॅपलवर लोखंड विरघळविलेले नायट्रिक अम्ल लावून उष्णता दिली असता तांबूस-तपकिरी छटा येते व लाकडातील नागमोडी पट्टे उठून दिसतात. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ थर देतात. हे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते, म्हणून प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा लागतो. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटतात. ती पसरून वाळवावी लागतात.

जुन्या अस्सल रायफलींना ही क्रिया लागू करणे इष्ट नाही. मूळचा लेप, हत्यारांच्या खुणा व वापराची झीज यांवरून कारागीर, काळ व प्रदेश ओळखता येतात. दस्ता एकदा घासला, की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. म्हणून संग्रहालयांत अशा दस्त्यांची केवळ स्वच्छता करतात व आवश्यक तेथेच मेणाचा संरक्षक थर देतात.