इंजिन बंद पडल्यावर

हवेत इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली येते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. विमान तोलून धरतात ते पंख. इंजिन केवळ वेग पुरवते. ते थांबले की वेग मिळवायचा तो उंची खर्चून. साधे छोटे विमान एक फूट उतरताना आठ-नऊ फूट पुढे सरकते. म्हणजे ३,००० फुटांवर वैमानिकाच्या हाती सात-आठ किलोमीटर आणि चार-पाच मिनिटे उरतात.

मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. असे विमान बांधणाऱ्याला पहिल्या उड्डाणांत मोठी चिंता असते ती इंजिनाची. इंजिन मोडण्यापेक्षा त्याला पेट्रोल न पोचणे हेच कारण वारंवार सापडते: नळीतला वाफेचा बुडबुडा, गाळणीतला कचरा. दमट हवेत कार्बुरेटरात बर्फही धरतो, आणि तोही बाहेर अंगाला थंडी वाजत नसताना!

सर्वांत घातक क्षण उड्डाणानंतरचा. समजा, मोरव्याच्या धावपट्टीवरून निघून विमान ३०० फुटांवर आले आणि इंजिन थांबले. मन म्हणते, मागे फीर. पण वळणात उंची झपाट्याने जाते, वेग घटतो, पंखांची पकड सुटते. अशा वेळी समोर जे शेत असेल, तेच आपले.

पुढे गडचिरोलीकडे शेतेही विरळ होतात. त्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. कापणीनंतरच्या धानाच्या बांध्या चालतील, पण बांधाला समांतर उतरावे. पावसाळ्यात चिखल चाके धरतो आणि विमान उलटते. उन्हाळ्यात वैनगंगेची वाळू दिसते, आणि मोहाखाली जाळलेल्या पाल्याचा धूर वाऱ्याची दिशा सांगतो. काहीच नसेल, तर झाडांचे शेंडे हीच जमीन मानून, वाऱ्यासमोर, पंखांची पकड सुटणार नाही इतपतच वेग ठेवून टेकायचे. वेग दीडपट झाला की धक्क्याची शक्ती सव्वादोनपट होते. टेकण्याआधी पेट्रोलची तोटी बंद करतात आणि दार थोडे उघडून ठेवतात. सांगाडा वाकल्यावर ते आतून उघडेलच असे नाही.